कातडी ओळखणारे ड्रेसरभाऊ

ड्रेसरभाऊंच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, कातडी राहायची. बाजारात कुणी हात जोडून "भाऊ, ओळखलं का?" म्हटलं, तर ते त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. नजर थेट खाली, पावलांवर आणि पोटऱ्यांवर. दोन क्षण तिथे घुटमळायची आणि मग चेहरा एकदम खुलायचा. "हो जी! डाव्या घोट्याचं गळू. दोन तोंडाचं. मागच्या दिवाळीले फुटलं होतं." समोरच्यालाही यात काही वावगं वाटत नसे. उलट एवढ्या माणसांत आपलंच गळू भाऊंनी ध्यानात ठेवलं, म्हणून तो बायकोकडे वळून बघायचा.

कागदोपत्री मी त्यांची साहेब होते. डॉक्टरकी पास होऊन बाँडचं वर्ष भरायला मी सांगलीकडून गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याच्या पुढच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले होते. सभोवती रोवणा, म्हणजे लावणी, चाललेल्या धानाच्या बांध्या, मागे जंगल, मध्ये सहा खाटांचा दवाखाना. कर्मचाऱ्यांच्या यादीत माझं नाव सगळ्यात वर होतं आणि त्यांचं खालून दुसरं. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन पट्टी बांधणारा माणूस. शाळा नववीत सुटलेली, वय पंचावन्नच्या आसपास, अंगावर इस्त्री केलेला पांढरा हाफ शर्ट आणि खिशात निळं बॉलपेन.

पहिल्या दिवशी मी नमस्कार केला, तर त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"म्याडम, ह्या सँडला इथी नाई चालनार. रोवन्याचे दिवस हायेत. बोटाइच्या मधात चिखल्या होतील."

मला राग आला. हा माणूस मला, डॉक्टरला, पहिल्याच मिनिटाला पायांची काळजी शिकवतो! पंधरा दिवसांनी माझ्या दोन्ही पायांच्या बोटांमध्ये पांढरी, भिजलेली, खाजरी कातडी सुटायला लागली. मी कुणाला काही बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी टेबलावर एक जुनं, धुतलेलं, मऊ सुती फडकं घडी करून ठेवलेलं होतं. त्यांनीच ठेवलं होतं. "धुतल्यावर बोटाइच्या मधात कोरडं करत जा जी. त्याच फटीतून आत जाते सगळं," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

हात धुण्याचं त्यांना वेडच होतं. दवाखान्याच्या मागे हातपंप होता. प्रत्येक रुग्णाआधी आणि प्रत्येक रुग्णानंतर ते तिथे जायचे, कोपरापर्यंत साबण लावायचे, नखांच्या कडा घासायचे आणि मग दोन्ही हात छातीसमोर वर धरून, थेंब टपकवत परत यायचे. टॉवेलला शिवायचे नाहीत. "दुसऱ्याचा टावेल म्हंजे दुसऱ्याचा फोड," म्हणायचे. लग्नाच्या पंगतीतही ते असेच ओले हात वर धरून उभे असायचे आणि पाहुणे त्यांना देवाला काहीतरी मागणारा माणूस समजायचे.

रविवारी ते गावच्या न्हाव्याच्या टपरीत जाऊन बसायचे. दाढी करायला नव्हे. नुसते बाकावर बसायचे आणि वस्तऱ्याकडे बघत राहायचे. एका पावसाळ्यात गावातल्या सात-आठ जणांच्या हनुवटीवर पुळ्या उठल्या होत्या आणि त्या सगळ्यांची दाढी एकाच दिवशी झाली होती, हे भाऊंनी शोधून काढलं होतं. तेव्हापासून भाऊ लांबून येताना दिसले, की न्हावी स्टोव्ह पेटवून पाणी ठेवायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं लावायचा. भाऊ एक शब्द बोलायचे नाहीत. तासभर बसून उठून जायचे.

आणि ते बॉलपेन. कुणाचा पाय लाल होऊन सुजला असेल, तर औषधाच्या आधी भाऊ पेन काढायचे. लाली जिथे संपते तिथे, कडेकडेनं, निळी रेघ आखायची आणि बाजूला वेळ लिहायची. "रोगाले नाव तुमी द्या म्याडम. मी त्याची हद्द लिवतो." संध्याकाळी लाली रेघेच्या आत आली, तर गोळ्या लागू पडल्या. बाहेर गेली, तर विचार करायचा. लोक पायावर निळे नकाशे घेऊन गावभर हिंडायचे. एका म्हाताऱ्याचा पाय बरा होऊन आठवडा झाला, तरी तो रेघ पुसू देईना. "भाऊनं आखलं हाये," म्हणायचा, जणू पट्टाच मिळाला होता जमिनीचा.

लोक काय काय लावून यायचे! विडीची राख, गेरू, रॉकेल, कसलातरी झाडपाला, कॅप्सूल फोडून त्यातली पूड. मी चिडायचे. भाऊ चिडायचे नाहीत. कोमट पाणी घेऊन बसायचे आणि खपली भिजेपर्यंत भिजवायचे. तोंडाभोवती मधासारख्या पिवळ्या खपल्या धरलेली लहान पोरं यायची, त्यांच्या खपल्या ते कधी ओढायचे नाहीत. भिजवून, हलक्या हातानं उचलून, खालच्या ओल्या कातडीला मलम लावायचे, पोराची नखं कापायचे आणि आईला सांगायचे, "याचा दुपट्टा अलग ठेव. भावाइच्या संग नको झोपवू." एवढं झालं, की एक चमत्कारिक सूचना ठरलेली असायची.

"पंधरा-वीस दिवसानं याचं तोंड सकाळी फुगलेलं दिसलं, नाईतं लघवी काळ्या चहासारखी झाली, तं कुठी थांबू नको. सिद्दी इथी आन."

पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहिले. कातडीवरच्या साध्या फोडांनंतर काही पोरांची मूत्रपिंडं सुजतात, हे मी जाड पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि विसरलेही होते.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं, भाऊ?"

"कोनी नाई जी. तीन पोरं पाह्यले मीनं. तिघाइलेबी आधी फोड होते. चौथ्याच्या वक्ती माह्या ध्यानात आलं."

तीन पोरं. मधे किती वर्षं गेली असतील, कुणास ठाऊक. कुठे लिहून ठेवलेलं नाही, कुणाशी चर्चा नाही. एका नववी सुटलेल्या माणसानं गडचिरोलीच्या जंगलात एकट्यानं बसून ते जोडलं होतं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा "तुम्ही बसा ना, भाऊ," म्हटलं. ते बसले नाहीत.

आता एका हाताची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय भाऊंबद्दल काही सांगितलं असं मला वाटणार नाही.

ऑगस्ट होता. तलावावर मासोळी धरणारा एक धिवर दवाखान्यात आला. चाळिशीचा, आडवा बांधा, आणि गावात आरडाओरड्यासाठी प्रसिद्ध. पायात काटा रुतला, तरी चार घरांना ऐकू जाईल असा. आदल्या दिवशी जाळं ओढताना त्याच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी मागूर मासोळीचा काटा घुसला होता. मी बघितलं. सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं, भोवती रुपयाएवढी लाली आणि थोडी सूज. आणि हा माणूस बाकावर बसायलाही तयार नव्हता. जमिनीवर लोळत होता. "मेलो म्याडम, मेलो जी!"

त्याच आठवड्यात मला वरून फोनवर बोलणी बसली होती. तुम्ही ऊठसूट रुग्ण गडचिरोलीला पाठवता, तिथे काय दुसरी कामं नाहीत? ते माझ्या डोक्यात ताजं होतं. मी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, "हात उंच ठेव, उद्या दाखव."

भाऊंनी रेघ आखली, वेळ लिहिली आणि त्याला जाऊच दिलं नाही. "बस अजून घंटाभर." तासाभरानं ते माझ्या दाराशी आले. हात ओले, वर धरलेले.

"म्याडम, याले धाडा."

"का? लाली वाढली?"

"दोन बोटं. पन ते नाई सांगून राह्यलो मी. याचं दुखनं दिसते त्याच्याहून लय जास्त हाये."

"भाऊ, तो नेहमीच ओरडतो. तुम्हीच सांगितलंत ना मला?"

"ओरडते जी. पन आज घाम वेगळा हाये."

मी वैतागले. आज ते आठवलं तरी मान खाली जाते. मी म्हणाले, "तुम्ही पट्टी करा. निदान करायचं माझ्यावर सोडा."

ते हातपंपाकडे गेले. पंपाचा दांडा खालीवर होताना ऐकू येत होता. मला वाटलं, विषय संपला. ते परत आले आणि पुन्हा दारातच उभे राहिले.

"एक डाव हात लावून पाहा. जिथी लाल हाये तिथी नाई. जिथी लाल नाई, तिथी."

त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, अपमानही नव्हता. म्हणून मी उठले. मी त्या माणसाच्या मनगटावर, रेघेच्या बरीच वर, जिथे कातडी अगदी आपल्यासारखी दिसत होती तिथे, बोटं टेकवली. नुसती टेकवली. तो किंचाळला आणि मग एकदम गप्प झाला. तो गप्प झाला, तेव्हा मी घाबरले. कातडीखाली मऊ असायला हवं तिथे लाकूड लागत होतं. नाडी बघितली, ती धावत होती. रक्तदाब लावला, तो खाली आला होता. वरून काही दिसत नव्हतं आणि आत, स्नायूंवरच्या पडद्यातून, काहीतरी कोपराकडे चाललं होतं. हेही मी पुस्तकात वाचलेलं होतं.

मी सलाईन लावलं, होतं ते सगळ्यात जोरकस इंजेक्शन शिरेतून दिलं. रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन गेली होती. भाऊंनी गावातल्या एका माणसाची जीप आणली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते मागे चढले, त्या धिवराचा हात स्वतःच्या खांद्यावर उंच टेकवला आणि सलाईनची बाटली एका हातात धरली. गडचिरोलीपर्यंत रस्ता खड्ड्यांनी भरलेला. जीपवाल्यानं नंतर सांगितलं की सगळ्या वाटेत भाऊंनी खांदा हलू दिला नाही आणि दर थोड्या वेळानं पेन काढून नवी रेघ मारत राहिले. उतरले, तेव्हा त्या हातावर पाच रेघा होत्या, प्रत्येकीपुढे वेळ. तिथल्या सर्जननं त्या रेघा बघितल्या आणि कागद वाचायच्या आधी टेबल तयार करायला सांगितलं.

हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडावा लागला. दोनदा साफ केला. अंगठा पुढे पूर्ण वाकेना, पण हात राहिला आणि माणूसही राहिला. सर्जनचा मला फोन आला. "आणखी दोन-तीन तास उशीर झाला असता, तर खांद्यातून कापावा लागला असता. चांगलं ओळखलंत, डॉक्टर." मी म्हणाले, मी नाही ओळखलं. त्यांना ते नीट ऐकू गेलं नसावं.

भाऊ परत आले, तेव्हा मी त्यांची माफी मागितली. मला वाटलं होतं, ते संकोचतील किंवा निदान थोडे सुखावतील. ते साबण शोधत होते.

"तुमी हात तं लावला ना जी," ते म्हणाले. "पुष्कळ डॉक्टर हातच लावत नाई."

दोन महिन्यांनी तो धिवर पानात बांधून मासोळी घेऊन आला. मागूरच होती. भाऊंनी ती घेतली नाही. त्याचा हात घेतला, उलटा केला, व्रणावरून अंगठा फिरवला आणि मासोळीबद्दल म्हणाले, "हे सोडून दे तलावात. अन् जाळ्यात हात घालताना फडकं गुंडाळत जा."

गावाच्या टोकाला एक बाई राहत होती. हत्तीपाय झालेला. डावा पाय गुडघ्यापासून खाली खांबासारखा, घड्या पडलेला. त्या घड्यांत ओल राहायची, कातडी फाटायची आणि दर पावसाळ्यात दोन-तीनदा पाय लालभडक होऊन जांघेत अवधानाची गाठ यायची, हुडहुडी भरायची. वासामुळे ती कुणाच्या दारात जात नसे. बाजार बंद, लग्नकार्य बंद. ती दवाखान्यातही येत नसे, म्हणून काम संपल्यावर भाऊ तिच्याकडे जायला लागले. बादली, साबण, मऊ फडकं. पाटावर तिचा पाय घ्यायचा, प्रत्येक घडी हळू उघडायची, धुवायची, टिपायची, फटीत मलम लावायचं. तास जायचा.

एकदा मीही गेले होते. तिचा तरणा मुलगा दारात उभा होता. भाऊ पाटासमोर पाय धुवायला बसले, तसं त्यानं अडवलं.

"गावात लोक हासतात, भाऊ. परक्या मानसानं माह्या मायचे पाय धुवाचे?"

भाऊ खालून वर बघत म्हणाले, "बरोबर हाये तुवं. तं तू धू."

आणि त्यांनी खरंच पाटासमोरून बाजूला सरकून जागा केली. तो पोरगा खाली बसला. भाऊंनी त्याच्या हातात साबण दिला. पहिली घडी उघडताना त्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्या घडीला नाही फिरवलं. त्याची आई भिंतीकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दुखते का, माय?" मुलानं विचारलं. ती म्हणाली, "नाई रे. धू."

तो रोज धुवायला लागला. त्या पावसाळ्यात तिला एकदाही ताप आला नाही. पाय तेवढाच राहिला, हत्तीपाय काही उतरत नाही. पण दिवाळीनंतरच्या एका बाजारात मी तिला टोपलीत शिंगाडे घेऊन बसलेली बघितलं. पायात सैल चप्पल होती. शेजारी दुसऱ्या बायका बसल्या होत्या, अगदी जवळ.

बाँड संपला, मी निघाले. पुढे नागपुरात कातडीच्याच आजारांचं शिक्षण घेतलं. का घेतलं, हे मी मुलाखतीत काहीतरी वेगळंच सांगितलं होतं.

काही वर्षांनी कुरखेड्याकडे जाणं झालं, तेव्हा भाऊंच्या गावाला वळले. ते निवृत्त झाले होते. अंगणात बाजेवर बसले होते. मी हाक मारली, तर त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि माझ्या पायांकडे न बघता हसले. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले होते. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. "काय करता जी, बाहेरचंच पाहत राह्यलो आयुष्यभर," ते म्हणाले. "आतल्या आत दाब वाढत गेला, समजलं नाई."

तेवढ्यात शेजारची एक बाई तिच्या सुनेला घेऊन आली. लोक अजून यायचे म्हणे. सुनेच्या नाकाच्या बाजूला पुळी झाली होती, ती तिनं चार दिवसांपूर्वी पिळली होती. आता डावा डोळा सुजून बंद झाला होता. भाऊंनी हात धुतले, तिच्या कपाळावर हाताची उलटी बाजू ठेवली, मग एका बोटानं पापणीला इतक्या हलकेच स्पर्श केला की तिनं डोकंही मागे घेतलं नाही.

"ताप हाये. गरम हाये. म्याडम, उघडून पाहा. डोळा फिरते का चारीकडे?"

मी दोन्ही अंगठ्यांनी पापण्या वेगळ्या केल्या. तिला माझ्या बोटाकडे बघायला सांगितलं, बोटं किती दिसतात ते विचारलं. उजवा डोळा बोटामागे गेला. डावा गेला नाही. तो थोडा पुढेही आला होता.

"नाही फिरत, भाऊ. पुढे आलाय. तिला एकाचे दोन दिसतायत."

भाऊ काय सांगतात, याची मी वाट बघितली. मग माझ्या लक्षात आलं, वाट तेच बघत होते. मी सासूकडे वळले. "हे डोळ्याच्या मागे गेलंय. इथून मेंदू लांब नाही. आत्ता निघायचं."

"उद्या रोवन्याले बाया सांगून ठेवल्या हायेत जी," सासू म्हणाली. "परवा नेलं तं?"

"म्याडम म्हनतात तं आता म्हंजे आता," भाऊ म्हणाले.

मी रुग्णवाहिका बोलावली, चिठ्ठी लिहिली, गडचिरोलीला फोन केला. अर्ध्या तासात ती गेली. चौथ्या दिवशी मला कळलं की पू काढला, डोळा वाचला, फिरायलाही लागला.

पण त्या दुपारी ती गाडी गेल्यानंतर आम्ही दोघंच अंगणात होतो. भाऊंनी विचारलं,

"म्याडम, लाल कसा होता?"

"म्हणजे?"

"पळसाच्या फुलावानी, का पिकल्या जांभळावानी?"

मी डोळे मिटले आणि आठवायला लागले. "पळसासारखा नाही. ओल्या विटेसारखा. पापणीच्या कडेला जांभळ्याकडे झुकलेला."

"चमकत होता?"

"हो. कातडी ताणून चमकत होती."

"अन् बुबुळाच्या भवताल?"

"पांढरं फुगून पापणीच्या बाहेर डोकावत होतं. काचेसारखं."

त्यांनी स्वतःच्या डाव्या पापणीवर बोट ठेवलं. मी सांगत गेले तसतसं ते बोट नाकाच्या बाजूनं निघून डोळ्याच्या कडेकडेनं फिरत गेलं. मी अडखळले की ते थांबायचं, भाऊ पुन्हा विचारायचे. कुठे संपत होता? भुवईच्या वर का खाली? कानाकडे किती? मला जे दिसलं होतं, ते सगळं मी सांगितलं. जे बघायचं राहून गेलं होतं, तेही सांगितलं.

शेवटी त्यांचा हात मांडीवर आला. चेहऱ्यावर एखाद्या नव्या विद्यार्थ्यासारखा आनंद होता.

"असा मीनं आजपर्यंत पाह्यला नव्हता," ते म्हणाले.